पाहणारा डोळा आणि डागणारा हात

मराठी भाषेत तोफेचा संचार मोठा आहे. सभेत एखादा वक्ता जरा जोरकस बोलला, की त्याने प्रतिपक्षावर तोफ डागल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपण वाचतो. आणि असे बोलणे हा त्याचा नित्याचाच परिपाठ असला, तर त्यास 'मुलुखमैदान तोफ' ही पदवी देऊन आपण मोकळे होतो. ज्या तोफेचे हे नाव, ती 1549 साली अहमदनगरास ओतली गेली व आज विजापूरच्या बुरुजावर स्वस्थ पडून आहे, हे पदवी देणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. कचेरीत वरिष्ठांपुढे नको ते कागद घेऊन जाण्याची पाळी धाकट्या कारकुनावर आली, की त्यास तोफेच्या तोंडी दिले असे म्हणतात. गोलंदाज या शब्दाची तर निराळीच गंमत झाली. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ गोळा फेकणारा. 1827 साली मुंबईच्या फौजेत गोलंदाजांच्या पलटणीतील जी एक तुकडी उभी राहिली, तिच्या जन्माचा 28 सप्टेंबर हा दिवस भारतीय तोफखाना आपला जन्मदिवस म्हणून अजून पाळतो. परंतु आज मराठी घरातील कोणत्याही मुलास गोलंदाज कोण असे विचारा. तो क्रिकेटच्या मैदानाकडे बोट दाखवील.

शब्द असे माणसाळले याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या समाजात तोफ ही केवळ अलंकारापुरती उरली, तो समाज सुखीच म्हटला पाहिजे. तथापि शब्द घरगुती झाला म्हणून वस्तू घरगुती होत नाही. ती आपल्या जागी, आपल्या कामावर असतेच. आणि तिचे काम आपल्याच नावाने, आपल्याच पैशाने व आपल्याच मुलांच्या हातून चालते. असे असता ते काम कसे चालते हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक नसावे, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून हा लेख.

ते काम जवळून पाहण्याचा योग आमच्या वाट्यास आला. तरुणपणी पाच वर्षे आम्ही तोफखान्यात नोकरी केली. 1990 च्या आसपासची ती गोष्ट. पुढचे सारे आयुष्य एका महाविद्यालयात गणित शिकविण्यात गेले; पण त्या पाच वर्षांतील देवळालीचे दिवस मनावरून पुसले गेले नाहीत. तोफखान्याची ही शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काकूलहून, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या मुलखातून, नाशिकजवळच्या या माळावर आली. त्यापूर्वीही देवळाली फौजेस परिचित होतीच. विलायतेस जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई येथील छावणीत महिनेच्या महिने कंटाळत पडून राहत. त्यांतील काहींची डोकी फिरत. आणि त्यामुळे वेड लागलेल्या माणसास 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात इंग्रजी भाषेत पडला. कोरडी, निरोगी हवा खाण्यासाठी मुंबईची मंडळी ज्या गावी येत, त्याच गावाच्या नावाने परक्या भाषेत वेडास नाव मिळावे, हा योगायोग विलक्षण खरा. असो.

तोफ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर किल्ल्यावरची, सरळ समोर तोंड करून बसलेली, ओतीव नळी उभी राहते. आम्ही जिच्याविषयी लिहीत आहो ती हॉवित्झर या जातीची तोफ निराळी आहे. आंब्यावरची कैरी पाडावयाची तर मूल नेम धरून धोंडा सरळ फेकते; पण परसातील भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू पोहोचवावयाचा, तर तेच मूल तो उंच उडविते, आणि भिंत ओलांडून चेंडू पलीकडे वरून खाली पडतो. हॉवित्झरचे काम या दुसऱ्या जातीचे. तिचे तोंड आकाशाकडे वळविता येते. दारूच्या थैल्या कमी-अधिक घालून गोळ्याचा वेग कमी-अधिक करता येतो. आणि या दोहोंच्या मेळाने डोंगराच्या अलीकडे बसून डोंगराच्या पलीकडे गोळा टाकता येतो. आपल्याकडे जुन्या काळी 'उखळी तोफ' म्हणत ती हिची जवळची नातलग. तीही गोळा असाच उंच फेकी. हॉवित्झर हा शब्द मात्र पंधराव्या शतकातील बोहेमियातला. तेथील हुसाइट लोक आपल्या आखूड तोफांस 'हौफनित्से' म्हणत. 'हौफ' म्हणजे गर्दी. गर्दीवर मारावयाची ती हौफनित्से. नाव ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेविला नाही, एवढे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी देवळालीस वार्षिक प्रात्यक्षिकाच्या वेळी निमंत्रितांत आम्हांस जागा मिळाली, तेव्हा आमची थोरली बहीण आमच्यासोबत होती. 'तोपची' या नावाने होणाऱ्या या प्रात्यक्षिकात तोफखान्याच्या तऱ्हातऱ्हांच्या तोफा एका माळावर मांडतात व समोरच्या टेकड्यांवरील ठरावीक खुणांवर मारा करून दाखवितात. कारगिलमुळे घरोघर नाव पोहोचलेली स्वीडनची बोफोर्स तेथे होती. तिच्याच आराखड्यावरून जबलपुरास घडविलेली व 2019 साली फौजेत दाखल झालेली 'धनुष' होती. अवघी सव्वाचार टनांची, हेलिकॉप्टरने उचलून डोंगरावर नेऊन ठेवता येणारी अमेरिकन एम-777 होती. आणि रणगाड्यासारखी साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी, हाजिऱ्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली 'वज्र' होती. या साऱ्यांच्या नळीचे तोंड 155 मिलीमीटरांचे, आणि एकेका गोळ्याचे वजन सुमारे 45 किलो. म्हणजे आपल्याकडच्या धान्याच्या लहानशा पोत्याएवढे.

बार झाला की तो प्रथम कानास कळतच नाही, छातीस कळतो. पायाखालची धूळ एकदम वीतभर वर उडते. लांबलचक नळी सरकन मागे येते आणि जणू काही झालेच नाही अशा थाटाने हळूच पुढे जाऊन पूर्ववत बसते. तोफेच्या नेमके पाठीमागे उभे राहिले व दारू बेताची असली, तर आकाशात चढत जाणारा एक काळा ठिपका क्षणभर दिसतोही. मग काहीच नाही. या काहीच नसण्याची कल्पना ज्याने तोफ केवळ पडद्यावर पाहिली त्यास येणार नाही. चित्रपटात बार आणि स्फोट पाठोपाठ येतात. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या गोळ्यास पाऊण पाऊण मिनिट लागते. तेवढ्या अवकाशात तो भूमीपासून अडीच हजार मीटर उंच जातो. ज्या कळसूबाईस आपण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर म्हणतो, तीही समुद्रापासून 1646 मीटरच आहे. गोळा तिच्यापेक्षा उंच जाऊन खाली येत असतो आणि इकडे माळावर टिटव्या ओरडत असतात.

"अरे, बार झाला खरा, पण गोळा गेला कुठं?" अक्काने विचारले.

"समोर बघत राहा," आम्ही म्हणालो.

ती पाहत राहिली. समोरच्या टेकडीवर एक करडे झाड उगवल्यासारखे झाले, वाढले, वाऱ्याने वाकडे झाले. आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. अक्काने वाजविल्या नाहीत. ती तोफेपाशी वाकलेल्या एका पोरसवदा जवानाकडे पाहत होती.

"तो यंत्राला डोळा लावून बसलेला मुलगा, त्याला ती टेकडी दिसते का रे?"

"इथं कदाचित दिसतही असेल. पण तो तिकडं बघत नाही."

"मग कुठं बघतो?"

"मागं."

आम्ही थट्टा करीत आहो असे तिला वाटले. वस्तुतः ती थट्टा नव्हती. तोफखान्याचे सारे शास्त्र त्या एका शब्दात आहे.

हॉवित्झर डोंगराआड बसते, तेव्हा तिच्यापाशी काम करणाऱ्यांस शत्रू दिसत नाही. मग नेम धरावयाचा कसा? यासाठी तोफेजवळ रोवलेल्या दोन काठ्या, किंवा दूरचे एखादे देवळाचे शिखर, असे काही तरी न हलणारे निवडतात. ते पुढेच असले पाहिजे असे नाही. बाजूस असो, पाठीमागे असो, चालते. वर्तुळाचे 6400 भाग करून, या खुणेपासून लक्ष्य किती भाग उजवीकडे वा डावीकडे आहे ते गणिताने काढितात व तेवढा आकडा यंत्रावर लावितात. मग नेम धरणारा जवान आपल्या खुणेवर दृष्टी ठेवितो. ती काचेतल्या रेघेवर बरोबर आली, की तोफेचे तोंड न दिसणाऱ्या लक्ष्याकडे आपोआप वळलेले असते. अशा एका भागाची चूक झाली तर किलोमीटरमागे गोळा मीटरभर बाजूस जातो. म्हणजे पंधरा किलोमीटरांवर पंधरा मीटर. अशा रीतीने देवळाच्या कळसाकडे पाहत मनुष्य विरुद्ध दिशेस गोळा टाकितो.

देवळालीच्या शाळेत तोफेवरचे प्रत्येक काम अधिकाऱ्यांस स्वहस्ते करावे लागे. कोणी गोळा वाहावयाचा, कोणी तो नळीत सारावयाचा, कोणी दारूच्या थैल्या मोजावयाच्या, कोणी नेम लावावयाचा, कोणी खटका ओढावयाचा. दुसऱ्या दिवशी जागा बदलावयाच्या. गोळा नळीत जोराने सारला, की त्याच्या अंगावरचा तांब्याचा पट्टा नळीतील आट्यांत रुतून बसतो व एक भरीव, समाधानकारक आवाज होतो. तो आवाज बरोबर आला नाही तर उस्तादाची मुद्रा बदले. आम्ही खटका ओढला तो दिवस आठवतो. त्या क्षणी मनात काय होते असे कोणी विचारले, तर प्रामाणिक उत्तर असे, की आकडे होते. आकडा ऐकला, तो मोठ्याने म्हटला, लाविला, तपासला. मग हुकूम झाला आणि हात खाली गेला. भीती नव्हती, आवेश नव्हता, शत्रू तर नव्हताच. आमच्या हातून सुटलेला पहिला गोळा कोठे पडला हे आम्हांस संध्याकाळपर्यंत कळले नाही. आणि ते विचारण्याचे कोणास सुचलेही नाही. पुढचा हुकूम आला होता.

ते आकडे येतात तरी कोठून? पल्ल्याची कोष्टके असतात; पण कोष्टकांतील जग शांत व आदर्श असते. खऱ्या जगात वारा असतो, आणि तो खाली एका दिशेचा तर वर दुसऱ्या दिशेचा असतो. म्हणून फुगे सोडून वरच्या हवेची खबर घ्यावी लागते. सकाळच्या गार हवेतील दारू आणि दुपारच्या उन्हात तापलेली दारू सारख्या जोराने जळत नाहीत. म्हणून दारूचेही तापमान पाहावे लागते. शेकडो गोळे उडविलेली नळी आतून झिजते व गोळ्याचा वेग घटतो. तो हिशेबात धरावा लागतो. गोळा स्वतःभोवती फिरत जातो, त्यामुळे तो किंचित एका अंगास सरतो. तेही मोजावे लागते. आमच्या वेळी हे सारे कागदावर, पट्ट्या सरकवून, घामाघूम होत करावे लागे. आता 'शक्ती' नावाची संगणकयोजना तेच निमिषात करिते. पण संगणक झाला तरी तो ठेवणीच्या गणितावर विसंबतो. जे शेवटी पाहावयाचे, ते पाहणारा कोणी तरी पुढे असावाच लागतो.

हा पाहणारा म्हणजे तोफखान्याचा टेहळणी अधिकारी. तो तोफांपाशी नसतो. कित्येक किलोमीटर पुढे, पायदळाच्या सोबत, एखाद्या दगडाआड पालथा पडलेला असतो. त्याच्यापाशी दुर्बीण, नकाशा आणि बिनतारी यंत्र एवढीच आयुधे. देवळालीस हे कामही आम्ही शिकलो. समोरच्या टेकडीवर चुन्याने पांढरे केलेले दगड म्हणजे शत्रू. पहिला गोळा पडतो तो पलीकडे; अधिकारी सांगतो, चारशे मीटर कमी करा. दुसरा पडतो अलीकडे, दोनशे वाढवा. मग शंभर, मग पन्नास. दोन्ही बाजूंनी अंतर निम्मे निम्मे करीत लक्ष्यास कवळीत आणण्याची ही रीत इतकी सुंदर आहे, की पुढे वर्गात समीकरणाचे मूळ शोधण्याची निम्मे करण्याची पद्धत शिकविताना आमच्या डोळ्यांपुढे दर वेळी ती टेकडी येई. अखेरचा गोळा नेमका दगडावर पडला, की टेहळणीच्या जागी बसलेल्या साऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघे. तो आनंद निर्मळ होता; उत्तर बरोबर आल्याचा होता. परंतु या आनंदास दगड आणि माणूस यांतील भेद कळत नाही. तो भेद आनंद घेणाऱ्याने आपल्या पदरचा घालावा लागतो. यंत्र, कोष्टक वा हुकूम यांपैकी कोणीही तो पुरवीत नाही.

तोफखान्यात हे असे पहिल्यापासून नव्हते. सासवडजवळच्या सोनोरीस मल्हारगड नावाचा आटोपशीर किल्ला आहे. मराठ्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो पानिपतच्या आधीच्या दोन-चार वर्षांत बांधिला. त्यांच्या गोलंदाजास, तोफ मैदानात उभी करून डागताना, जे मारावयाचे ते समोर दिसे; आणि त्यासही ते पाहू शकत. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणांगणात शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी दैना केली, तिची साक्ष इंग्रजांनीच लिहून ठेविली आहे. त्यांची दीड हजारांवर माणसे त्या दिवशी मेली वा जखमी झाली. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत उभे राहिले. काही तर मेल्यासारखे पडून राहिले, आणि शत्रू पुढे निघून गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर तोफा वळवून डागू लागले. त्या माणसांची शर्थ केवढी, हा विचार मनात येतोच. पण दुसराही येतो. त्यांचा डोळा आणि हात एकाच देहात होते. जे करीत होते ते ते पाहत होते, आणि त्याची किंमत तेथल्या तेथे देत होते.

1904-05 च्या रूस-जपान युद्धानंतर जगभरच्या तोफा डोंगराआड गेल्या. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गोलंदाजांचा नव्या बंदुकांपुढे टिकाव लागेना, म्हणून ही युक्ती निघाली. तिने गोलंदाजाचा जीव वाचविला, आणि त्याची दृष्टी काढून घेतली. एकाच माणसाचे कृत्य चार-सहांत वाटले गेले. जो पाहतो तो डागीत नाही. जो डागितो तो पाहत नाही. मध्ये गणित करणारा दोहोंपैकी काहीच करीत नाही. आणि दारूच्या थैल्या मोजणारा तर आपण केवळ मोजल्या असेच म्हणेल. प्रत्येकाने आपापला तुकडा चोख केला. पूर्ण कृत्य कोणी केले, हे मात्र सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की घरी बसून असे सूक्ष्म विचार करणे सोपे आहे, कारगिल आठवा. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. 1999 च्या उन्हाळ्यात आम्ही गणवेश उतरविलेला होता. पण आमच्याबरोबर देवळालीस शिकलेले मित्र द्रासच्या डोंगरांत होते. वर शिखरांवर शत्रू, खाली उघड्या उभ्या कड्यांवरून रात्री चढणारे आपले पायदळ. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे व अग्निबाण उडविले. चढणाऱ्या तुकड्यांच्या डोक्यांवरून, त्यांच्या काही अंतर पुढे ते गोळे पडत राहिले, म्हणून शिखरावरच्या बंदुका खाली दबल्या आणि ती मुले वर पोहोचली. न पोहोचलेली जी, ती तोफा नसत्या तर कितीपट झाली असती, याचा हिशेब कोणत्याही आईने करून पाहावा. द्रासमधील ज्या शिखरास पूर्वी नुसता 5140 हा आकडा होता, त्यास 2022 साली तोफखान्याच्या गौरवार्थ 'गन हिल' हे नाव दिले गेले. ते योग्यच झाले. तोफ नको असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या हाती ती आहे त्याने काय विसरू नये, एवढेच आम्ही विचारीत आहो.

ते आम्हांस देवळालीनंतर दोन वर्षांनी, दुसऱ्याच प्रांतातील एका सरावभूमीवर समजले. त्या दिवशी आम्ही टेहळणीवर होतो. लाल निशाणे चढली होती. गावोगाव दवंडी फिरली होती. पहारे बसले होते. दोन गोळे पडून गेले होते, तिसरा नुकताच सुटल्याची वर्दी यंत्रावर आली होती. तेवढ्यात आमच्याजवळ बसलेला बिनतारी यंत्राचा जवान, पंचविशीही न गाठलेला, दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी समोर पाहत एकदम ओरडला, "स्टॉप!"

आमचा हुकूम त्याने विचारला नव्हता. विचारण्याचे कारणही नव्हते. तोफखान्यात सारे हुकूम वरून खाली येतात. तोफेपाशी तर शब्दच काय, श्वासही क्रमाने घ्यावा अशी शिस्त. परंतु हा एक शब्द असा आहे, की तो कोणीही उच्चारावा. धोका ज्यास दिसला त्याने, मग तो कितीही धाकट्या हुद्द्याचा असो, 'स्टॉप' म्हणावे. आणि तो शब्द कानी पडताच ज्याच्या हाती जे असेल ते त्याने तेथेच थांबवावे. का, कोणी, हे मागाहून विचारावे. त्याने तो शब्द यंत्रात म्हटला, आणि डोंगराआड कोठे तरी सहाही तोफा स्तब्ध झाल्या.

मग आम्ही दुर्बीण लाविली. ओढ्याच्या काठाने एक बाई चालली होती. डोक्यावर टोपली, हातात काठी. सरावभूमीच्या आसपासची गरीब माणसे फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे भंगारात विकण्यासाठी वेचितात. पहाऱ्यांस चुकवून ती आत शिरली असावी. त्या तुकड्यांत न फुटलेला एखादा गोळाही असतो, आणि देशात ठिकठिकाणी त्याने अशा माणसांचे प्राण घेतले आहेत. पण तिला त्या वेळी भय खालच्या लोखंडाचे नव्हते. वर एक गोळा होता. सुटलेला गोळा परत बोलाविता येत नाही. तीसेक सेकंद उरले असतील. ती वाकून काही उचलीत होती. आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही. बोलून होण्यासारखे काही नव्हते.

गोळा तिच्यापासून बराच दूर, जेथे पडावा असे गणित होते तेथेच पडला. धुरळा उठला. तिने मान वर करून एकदा तिकडे पाहिले, टोपली सावरली आणि ती आपल्या वाटेने चालू लागली. पुढे पहारेकऱ्यांनी तिला बाहेर नेले. आणखी दोन गोळे पुढे सरकवून टाकावयाचे होते. ते तिच्या वाटेवरचे होते.

त्या तीस सेकंदांत आम्हांस जे कळले, ते खटका ओढताना कळले नव्हते, आणि दगडावर गोळा बसला तेव्हाच्या आनंदातही कळले नव्हते. माणसांत वाटले गेलेले ते कृत्य पुन्हा एकत्र जोडणारा एकच दुवा त्या साऱ्या रचनेत शिल्लक आहे, आणि तो म्हणजे हा शब्द. ज्यास दिसते तो न डागणारा असला तरी डागणाऱ्याचा हात धरू शकतो. ज्याने कोणी हा नियम प्रथम केला, त्याने तो दयेपोटी केला असेल असे नाही; अपघात टाळावे एवढाच हेतू असेल. पण शिस्तीच्या त्या लोखंडी चौकटीत त्याने माणसाच्या डोळ्यासाठी एक झरोका ठेविला, ही गोष्ट खरी.

हा झरोका आपल्या मुलांसाठीही आहे, हे विसरता कामा नये. तोफ केवळ पलीकडच्यांस मारिते असे नाही. 2024 च्या ऑक्टोबरात नाशिकजवळ सराव चालू असता तोफेचा गोळा फुटून विशीतले दोन अग्निवीर मरण पावले. वर्तमानपत्रात त्या दिवशी ती एक बातमी होती. घरोघर ती वाचली गेली, हळहळ झाली, आणि आपण पान उलटले. ज्या घरांत पान उलटले गेले नाही अशी घरे दोनच.

पुढचा काळ कसा येणार याचे अंदाज बांधणे आमचे काम नव्हे. परंतु जे आजच दिसते ते सांगण्यास प्रत्यवाय नाही. दगडाआड पालथ्या पडणाऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीने आता आकाशात घिरट्या घालणारी मानवरहित विमाने टेहळणी करितात. गणित संगणक करितो. लक्ष्य दिसल्यापासून गोळा सुटेपर्यंतचा वेळ सारखा कमी होत आहे, आणि तो तसा व्हावा यातच सर्व देशांची चढाओढ आहे. सैनिकी दृष्टीने हे अपरिहार्य असेल. पण त्या बाईच्या वेळी आम्हांस मिळालेला अवकाश हा गणिताने दिलेला नव्हता. दोन गोळ्यांच्या मध्ये माणसे होती, आणि त्यांतील एक जण उघड्या डोळ्यांनी समोर पाहत होता, म्हणून तो मिळाला. यंत्रे कितीही वेगवान होवोत. त्या साखळीत कोठे तरी असा एक जण बसविलेला असावा, आणि त्यास तो एक शब्द उच्चारण्याचा अधिकार असावा. ही मागणी शांततावाद्यांची नाही. ज्यांनी तोफ डागली आहे त्यांचीच ती आहे.

आणि जे तोफ डागीत नाहीत, केवळ तिच्या नावाने अग्रलेख व भाषणे सजवितात, त्यांचेही या साखळीत स्थान आहे. आपल्या करातून गोळा येतो. आपल्या मतातून हुकूम येतो. आपणही तो पडताना पाहत नाही. अशा स्थितीत निदान डोळे उघडे ठेवून समोर पाहणे, आणि चुकीचे काही दिसले तर हुद्दा न पाहता थांबा म्हणणे, एवढे नागरिकाचे काम उरते. त्या जवानास ते पंचविशीच्या आत साधले होते.